टॉवेलसाठी जुना रॅपियर माग घ्यायचा आहे, काय तपासू?

रॅपियर म्हणजे आडवा धागा दांडीने किंवा पट्टीने ओढून नेणारा माग. तो बंद असेल तर सौदा करू नका. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याच मॉडेलवर हात बसलेला जॉबर (माग जुळवणारा, दुरुस्त करणारा कारागीर) शोधा आणि त्याला सोबत न्या. आपलंच सूत लावून पूर्ण पाळी माग चालवून बघा. तासभर तर सगळेच माग छान चालतात. धागा किती तुटतो, लूपची उंची सारखी राहते का, हे पाळी संपताना कळतं.

मला खरी काळजी इलेक्ट्रॉनिक कार्डाची, म्हणजे माग चालवणाऱ्या सर्किट बोर्डाची वाटते. लोखंडी भाग घडवून घेता येतो, कार्ड मिळालं नाही तर माग उभाच राहतो. ते कोण दुरुस्त करतं, हे इसार देण्याआधी विचारा.

स्वस्त एअरजेटच्या (हवेच्या झोताने आडवा धागा फेकणाऱ्या मागाच्या) मोहात पडू नका, त्याला कॉम्प्रेसर लागतो आणि वीजबिल वाढतं. थोडी रक्कम मात्र माग तुमच्या शेडमध्ये चालू होईपर्यंत राखून ठेवा.