आधी आवाज ऐका, मग बॅटरी बदला
वाहन सल्ला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची पत्रं नागपूर आणि आसपासची आहेत. तक्रार एकच : सेकंड हँड गाडी घेतली, ती सुरू होत नाही. कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी.

प्रश्न : मार्चमध्ये २०१४ च्या मॉडेलची पेट्रोल हॅचबॅक घेतली. रोज फिरवली तर ठीक, पण चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक-टक होतं आणि मीटरचे दिवे मंद होतात. ३५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी टाकली, तरी तेच. दुकानदार म्हणतो, बॅटरी चांगली आहे. — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दुकानदार बहुधा खरं बोलतोय. तुमची बॅटरी कोणीतरी रात्रभर पितंय.

आधी आवाजाबद्दल. किल्ली फिरवल्यावर अजिबात आवाज नाही, नुसती टकटक होते, किंवा इंजिन फिरतं पण पकडत नाही. हे तीन निरनिराळे आजार आहेत. मिस्त्रीला फोन करताना यातलं कोणतं होतंय तेवढं सांगितलंत तरी त्याचा अर्धा तास आणि तुमचे पैसे वाचतात. टकटक होते ती अशी : सोलेनॉइड (सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढायला थोडा करंट पुरतो. तो आत संपर्क जोडतो आणि स्टार्टर मोटर एकदम शंभर-दीडशे अँपिअर मागते. उतरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतो, सोलेनॉइड पुन्हा ओढतो. दिवे लख्ख असताना एकदाच जोरात 'खट्' वाजून सगळं थांबलं असतं, तर संशय सोलेनॉइडच्या झिजलेल्या संपर्कावर, कार्बन ब्रशवर किंवा जाड वायरींवर गेला असता. तुमचे दिवे मंद होतात, म्हणजे एकतर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल.

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. चांगली बॅटरी ९.६ च्या खाली जात नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. एवढे आले तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) चार्ज करतोय. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, पण तुमच्या मॉडेलला हाच हिशोब धरा.

आता चोर शोधू. गाडी कुलूप लावून उभी असताना तिने ५० मिलिअँपिअरच्या आतच करंट घ्यावा. समजा ३०० घेतेय. दिवसाला ७.२ अँपिअर-तास, चार दिवसांत जवळपास २९. तुमची बॅटरी ३५ ची. तक्रारीशी हिशोब जुळतो की नाही बघा.

ड्रायव्हरकडचं दार उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल आणि फ्यूज बॉक्सपर्यंत हात जाईल. काम झाल्यावर हँडल ओढून लॅच सोडायला विसरू नका, नाहीतर दार आपटेल. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सैल करा, पण काढू नका. मीटरची एक पिन वायरीच्या क्लँपला आणि दुसरी बॅटरीच्या शिशाच्या खुंटाला चिमट्याने पकडवा, आणि मगच क्लँप वर उचला. सर्किट एकदा जरी तुटलं तरी झोपलेले कंट्रोलर (गाडीतले छोटे संगणक) जागे होतात आणि आकडा फसवा येतो. अर्धा तास थांबा. मीटर असं जोडलेलं असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जागच्या जागी उडेल.

आकडा ५० च्या वर राहिला तर एकेक फ्यूज उपसा. ज्याने आकडा धाडकन पडेल, चोर त्याच्या लाइनीवर. वापरलेल्या गाडीत आमचा पहिला संशय नेहमी आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर असतो, आणि त्यातही म्युझिक सिस्टीमवर. बाजारात मिळणाऱ्या सिस्टीमला सहसा दोन गरम वायरी असतात. पिवळी मेमरीसाठी कायम चालू, लाल किल्लीवर चालणारी. घाईत बसवणारा दोन्ही पिळून एकाच कायम-चालू वायरीला जोडतो. किल्ली काढली तरी सिस्टीम आतून जागीच राहते. सीटखाली किंवा डॅशच्या आत विसरलेला जीपीएस ट्रॅकर, स्वस्तातला अलार्म आणि डिकीचा न विझणारा दिवा हे पुढचे संशयित. एकही फ्यूज काढून आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरच्या डायोडमधून करंट गळतोय का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, घासून कोरडं करा, १० नंबरच्या पान्याने आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. पारा ४५ ला टेकला की ते भराभर उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. भरायचं ते डिस्टिल्ड पाणीच, बोअरचं नव्हे.

प्रश्न : बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी घेतली आहे. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. दुपारी सीताबर्डीत वीस मिनिटं थांबून परत येतो, तर इंजिन जोरात फिरतं पण पकडत नाही. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. दोन मेकॅनिकांनी प्लग बदलले. — एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे बॅटरी, सेल्फ आणि अर्थिंग यांना सोडा. राहिले दोघं, ठिणगी आणि इंधन. गरम असताना रुसणं आणि गार झाल्यावर मानणं हा या दोन सुट्या भागांचा जुना स्वभाव : क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे संगणकाला कळवणारा) आणि टाकीतला पेट्रोल पंप.

पुढच्या वेळी अडली की घाबरून सेल्फ मारत बसू नका. खिडक्या बंद करा, पंखा आणि गाणी बंद करा, किल्ली फक्त 'ऑन'वर न्या आणि मागच्या सीटकडे कान द्या. पंप दोनेक सेकंद 'झुंऽऽ' करून थांबायला हवा. आवाज नाही आला तर फ्यूज बघा. मग हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) त्याच नंबरचा असेल तर तो पंपाच्या जागी लावून बघा. तरीही गप्प असेल तर दुसऱ्याला सेल्फ मारायला लावून टाकीच्या बुडावर रबरी हातोड्याने दोन हलके टोले द्या. त्याने सुरू झाली तर पंपाचे ब्रश संपले. गॅसवर धावणाऱ्या गाडीत हे हटकून होतं. मालक महिनोन्‌महिने टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवतो. गाडी मात्र सुरू पेट्रोलवरच होते, आणि बऱ्याच किटमध्ये गॅसवर असतानाही पंप फिरत राहतो. पंपाला गार ठेवायचं काम त्याच्याभोवतीच्या पेट्रोलचं. ते नसलं की बिचारा भाजतो. नवा पंप टाकलात तर पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा.

पंप वाजतोय पण गाडी पकडत नाही, तर सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा शून्यावरच चिकटून राहिला तर क्रँक सेन्सरवर जोरदार संशय. इंजिन फिरतंय हेच संगणकाला कळत नाही, मग तो ठिणगीही देत नाही आणि इंधन फवारणारा इंजेक्टरही उघडत नाही. स्कॅनरवर पी ०३३५ हा कोड दिसला तर संशय पक्का, पण गरमीतल्या दोषात कोड नेहमी पडतोच असं नाही. हात पोचत असेल तर सेन्सरवर ओलं फडकं दोन मिनिटं धरा. लगेच सुरू झाली तर निकाल लागला. नवा सेन्सर कंपनीचाच घ्या. लोकल माल तीन महिन्यांत पुन्हा तीच दुपार दाखवतो.

आणि खूप सेल्फ मारून प्लग पेट्रोलने भिजले असतील, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास येत असेल, तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात आणि सिलिंडर वाळतात. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती.

प्रश्न : गाडीसोबत एकच किल्ली मिळाली होती, म्हणून बाजारातून डुप्लिकेट करून घेतली. दार उघडतं, सेल्फही फिरतो, पण गाडी दोन सेकंद चालून बंद पडते. — एक वाचिका, कामठी

उत्तर : धातू कापला, चिप राहिली. डॅशवर किल्लीचं किंवा कुलूप-गाडीचं चिन्ह लुकलुकत असेल, तो इमोबिलायझर, म्हणजे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा. मूळ किल्लीने गाडी नीट चालते ना? मग गाडी ठणठणीत आहे. चिपची किल्ली घेऊन ती गाडीशी जुळवून घ्यावी लागेल. तोवर मूळ किल्ली जपा, ती हरवली तर खर्च बराच वाढतो.

प्रश्न : २०१९ ची सेडान बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळतेय. विकणारा म्हणतो, 'पावसाळ्यात कधी कधी सुरू व्हायला त्रास देते, बाकी काही नाही.' घ्यावी का? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : त्या 'बाकी काही नाही'त बरंच काही असू शकतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, आणि उभ्या असलेल्या कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. पॉलिश केल्यावर बाहेरून काही कळत नाही.

म्हणून आत बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुणारा वरचा पट्टा धुतो, रीळावरचा शेवटचा हातभर विसरतो, आणि गाळाची रेघ तिथे सापडते. पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आहेत का, स्पेअर व्हीलच्या खळग्यात बारीक माती आहे का, बघा. कार्पेटची कड उचलून खालच्या फोमला नाक लावा. मग ड्रायव्हरच्या पायाशी, डॅशच्या खालचा एखादा कनेक्टर सोडवून घ्या. पिना चकचकीत हव्यात. हिरवट बुरशीसारखा थर असेल तर गाडी तिथेच सोडा. तो गंज थांबत नाही. हवा दमट झाली की पिनांमधून करंट भलतीकडे जातो. आज सेन्सर, उद्या फ्यूज बॉक्स, परवा इंजिनचा संगणक. एवढं वायरिंग नव्याने घालायचं तर स्वस्ताई तिथेच संपली. विम्याच्या क्लेमचा इतिहास आणि सर्व्हिस सेंटरची नोंद मागा, टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

पिना स्वच्छ असतील तर मात्र एवढं घाबरायचं कारण नाही. उंदराने कुरतडलेली वायर पावसात हाच त्रास देते. बॉनेट उघडून बॅटरीमागे आणि इंजिनवरच्या वायरींच्या जुडग्यावर लेंड्या आणि दातांच्या खुणा शोधा.

प्रश्न : डिझेल गाडी. डिसेंबरात सकाळी फार वेळ सेल्फ मारावा लागतो, मग पांढरा धूर सोडत सुरू होते. ऊन चढल्यावर त्रास नाही. — एक वाचक, कोराडी

उत्तर : ग्लो प्लग, म्हणजे गार डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग. पारा दहाच्या आसपास उतरला की एखाददुसरा मेलेला प्लगही जाणवतो. प्लगची वायर काढून मीटरने टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यात रोध मोजा. साधारण अर्धा ते दोन ओहम यायला हवा; मीटरने अनंत दाखवला तर प्लग गेला. जुना प्लग खोलताना इंजिन कोमट असू द्या आणि पान्यावर जोर करू नका, तो हेडमध्येच (इंजिनच्या वरच्या भागात) मोडला तर हेड उतरवावं लागतं. चारही प्लग ठीक निघाले तर डिझेल फिल्टरजवळच्या नळीतून रात्रभर हवा शिरतेय का, बघा. पारदर्शक नळीचा एक तुकडा मध्ये जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.