आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला थोडाच निधी मिळालाय, आधी नवीन मशीन घ्यावं का?

नाही, आधी इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या काड्या) आणि माइल्ड स्टीलची प्लेट घ्या, मशीन नंतर. वेल्डरचा हात आर्क (काडीच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) चालू असलेल्या मिनिटांवर बसतो, आणि ३.१५ मिमीची ६०१३ (नेहमीच्या वापरातली) काडी साधारण एक-सव्वा मिनिटात संपते. दिवसाला पाच काड्या मिळणाऱ्या मुलाचा सराव जेमतेम सहा मिनिटं. वर्षभरानंतरही उभा जोड जमला नाही तर त्यात त्याचा काय दोष? रोज माणशी २५ काड्या धरा, म्हणजे २० जणांच्या तुकडीला ५००. प्लेट ६ ते ८ मिमीची. जवळच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमधले कटपीस चालतील, फक्त गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) तुकडे नकोत, जस्ताच्या धुरानं ताप भरतो. दर आठवड्याला प्रत्येकाचा एक फिलेट जोड (काटकोनात ठेवलेल्या दोन प्लेटींमधला) हातोड्यानं मोडा. धातू मुळापर्यंत भिनलाय का, स्लॅग (काडीच्या लेपाची मळी) अडकलाय का, ते त्याच्यासमोरच बघा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातल्या काड्या ओल धरतात आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात. ६०१३ साधारण १०० अंशांवर तासभर सुकवली तरी पुरते, ७०१८ या लो-हायड्रोजन (ओल अजिबात न चालणाऱ्या) काडीला मात्र ३००-३५० अंशांचा ओव्हनच लागतो. अपवाद एकच: केबल, होल्डर किंवा अर्थिंग खराब असेल, तर पहिला रुपया तिथे.