५० डीबी एएनसी आणि एलडॅक असलेले इअरबड्स घ्यावेत, की साधे एएसीवाले?

तुमच्या तक्त्यात पहिल्या जोडीपुढे १२ मिमी ड्रायव्हर (बडमधला इवलासा स्पीकर), एलडॅक (ब्लूटूथवरून आवाज आकसून पाठवायची एक पद्धत, म्हणजे कोडेक), ५० डीबी (डेसिबेल) एएनसी (बाहेरचा गोंगाट कमी करायची सोय), ४८ तास बॅटरी असं लिहिलं आहे. दुसरीपुढे १० मिमी, फक्त एसबीसी आणि एएसी हे कोडेक, ४२ डीबी, ३० तास. आणि तुमचा प्रश्न असा, की पहिली जोडी उघडउघड सरस असताना वापरणारे दुसरीचंच कौतुक का करतात. ते 'उघडउघड' वाचलं आणि लिहायला बसलो. या चार ओळींतली एकही ओळ तुमच्या कानात काय पोचणार ते सांगत नाही. ते ठरवणारी गोष्ट तक्त्यात नसतेच: नॉझलवरची, म्हणजे बडच्या नळीसारख्या टोकावरची, सिलिकॉनची टिप तुमच्या कानाची वाट पूर्ण बंद करते की नाही.

इवलासा ड्रायव्हर खालचे सूर ऐकवू शकतो, कारण त्याच्या आणि कानाच्या पडद्याच्या मध्ये हवेची छोटीशी बंद जागा असते आणि तो तिथला दाब कमी-जास्त करतो. बारीकशी फट राहिली तरी तो दाब बाहेर निघून जातो. कंपनं जितकी संथ, तितकी गळती जास्त, म्हणून सगळ्यात आधी बेस जातो. फट मोठी असेल तर तो १० डीबीहूनही अधिक पडतो. मधले आणि वरचे सूर मात्र जवळपास तसेच राहतात, त्यामुळे आवाज पातळ आणि टोचरा वाटतो. मग एकजण रिव्ह्यूत लिहितो की या बड्सना बेसच नाही, आणि ज्याच्या कानात तेच बड्स घट्ट बसले तो लिहितो की बेस अंगावर येतो. दोघंही खरं सांगत असतात. म्हणून टिप नीट न बसवता केलेल्या तुलनेला मी तुलना म्हणत नाही.

टिप बसवायची ती अशी. डोक्यावरून विरुद्ध हात नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. बड आत सरकवून थोडा मागच्या बाजूला फिरवा आणि मग कान सोडा. सुरुवात खोक्यात आलेल्या मोठ्या मापापासून करा. बहुतेक लोक आधीच लावलेली मधली टिप तशीच ठेवतात आणि तिथेच तुलना बिघडते. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागू शकतं, त्यात विशेष काही नाही.

बसली का, हे तपासायला तीन गोष्टी पुरतात. तोंड मिटून गुणगुणा: वाट बंद असेल तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, आणि दोन्ही बाजूंना सारखाच घुमायला हवा. मग ४० ते ५० हर्ट्‌झचा, म्हणजे अगदी खालचा, सलग सूर लावून पाहा. एका कानात तो क्षीण वाटला तर त्या बाजूची टिप बदला. शेवटी बेस असलेलं काही चालू ठेवून बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस ठळकपणे वाढला, तर दाबण्याआधी फट होती. हीच चाचणी तोंड हलवत, काहीतरी चावत पुन्हा करा, कारण जबडा हलला की कानाच्या वाटेचा आकार बदलतो आणि बसल्या जागी घट्ट वाटलेला बड बोलता बोलता सुटतो. काही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये 'फिट टेस्ट' असते. ती उपयोगी आहे, पण ती त्या क्षणापुरतं सांगते, चालताना काय होईल ते सांगत नाही.

खोक्यातलं एकही माप बसलं नाही तर बाहेरून टिप घेता येतात. घेताना दोन गोष्टी पाहा. नॉझल गोल आहे की अंडाकृती, कारण अंडाकृती नॉझलवर गोल टिप वाकडी बसते. आणि टिप लावून बड केसमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या डबीत, पूर्ण खाली बसतो का. टिप उंच असेल तर बड अर्धा वर राहतो, चार्जिंगच्या पिना टेकत नाहीत, आणि सकाळी एकच बाजू रिकामी सापडते. लोक याला बडचा बिघाड समजतात. फोमच्या टिप अवघड कानातही बसतात, पण त्या कानातला मळ धरतात, लवकर सैल पडतात आणि बदलत राहाव्या लागतात.

दोन्ही जोड्या बसल्या की मगच आवाजाची तुलना, आणि त्यातही एक अट आहे: दोन्हींची पातळी सारखी हवी. कानाला जोरात वाजणारी गोष्ट 'जास्त स्पष्ट', 'जास्त भरीव' वाटते. १ डीबीचा फरक 'मोठा आवाज' म्हणून ओळखू येत नाही, 'चांगला आवाज' म्हणून ओळखू येतो. शिवाय पातळी वाढली की खालचे सूर कानाला प्रमाणाबाहेर वाढल्यासारखे वाटतात. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे वक्र मांडले होते. त्यामुळे दोन जोड्या फोनच्या एकाच पायरीवर ठेवून ऐकणं निरुपयोगी आहे; तीच पायरी एकीवर जास्त जोरात वाजते.

करायचं ते असं. दोन्हींचं फर्मवेअर, म्हणजे बड्सच्या आतलं सॉफ्टवेअर, आधी अद्ययावत करा. दोन्हींचे इक्वलायझर, बेस बूस्ट, 'स्पेशियल ऑडिओ' आणि एएनसी बंद करा. फोन एकच, गाण्याची फाइल एकच. १००० हर्ट्‌झचा सूर हळू आवाजात लावून आलटून पालटून ऐका आणि पातळी जुळवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाजाच्या १५च पायऱ्या असतात, त्या फार ठोकळ पडतात. म्हणून उरलेला फरक गाण्याच्या अ‍ॅपच्या स्वतःच्या व्हॉल्यूमने किंवा प्रीअँपने (इक्वलायझरमधली एकूण पातळीची पट्टी) भरून काढा. मग प्रत्येक जोडीवर १५-२० सेकंदांचा एकच तुकडा ऐका. आवाजाच्या पोताची आठवण काही सेकंदांतच विरते, त्यामुळे आज एक जोडी आणि उद्या दुसरी असं ऐकून ठरवलेलं मत मला मान्य नाही. एक बड एका कानात, दुसऱ्या जोडीचा दुसऱ्या कानात, असंही करू नका. दोन कानांची ठेवण आणि ऐकण्याची ताकद सारखी नसते.

तुकडे तुम्हाला पाठ असलेले निवडा. डग्ग्याची मींड ऐका: घुमारा खाली उतरताना सूर कळत राहिला तर बेस नीट आहे, नुसता धप्प गोळा झाला तर बेस फुगवलेला आहे. बाईच्या आवाजातले 'स', 'श' ऐका. ते सळसळत पुढे आले तर ५ ते ८ किलोहर्ट्‌झच्या आसपास उंचवटा आहे, आणि तो तासाभराने थकवतो. नुसतं बोलणंही ऐका. माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला सगळ्यात पक्कं ठाऊक असतं.

आता तो ५० डीबी. २० डीबी म्हणजे आवाजाच्या दाबाचा दहावा हिस्सा उरतो, ४० डीबी म्हणजे शंभरावा, ५० डीबी म्हणजे साधारण तीनशेसोळावा. एएनसीत उलटा आवाज तयार करून मूळ आवाजावर टाकतात. नुसते २० डीबी मिळवायचे तरी त्या उलट्या आवाजाची वेळ ६ अंशांच्या आत (एक पूर्ण कंपन म्हणजे ३६० अंश) जुळावी लागते. १०० हर्ट्‌झला ही मुभा सुमारे १६० मायक्रोसेकंदांची आहे, १००० हर्ट्‌झला फक्त १६ मायक्रोसेकंदांची. म्हणून एएनसी इंजिन, पंखा, एसीची घरघर यांवर चालतो आणि साधारण १ किलोहर्ट्‌झच्या वर त्याचा जोर संपतो. त्यापुढचं काम, म्हणजे बोलणं, भांड्यांचा आवाज, हॉर्नचा वरचा भाग, टिपच अडवते. खोक्यावरचा आकडा बहुधा सगळ्यात चांगल्या एका फ्रीक्वेन्सीवरचा असतो. ५० आणि ४२ मधल्या फरकावर पैसे लावू नका. टिप सैल असेल तर दोन्हींचे आकडे कोसळतात.

एएनसी तपासायचा तो सलग घरघरीजवळ आणि बोलणाऱ्या माणसांजवळ, दोन्हीकडे. मग शांत खोलीत, गाणं न लावता, एएनसी चालू करून ऐका: बारीक 'हिस्स' येते का, कान दाबल्यासारखे वाटतात का. वाऱ्यात चाला, माइकच्या भोकांवर वारा आपटून फडफड येते आणि काही बड्समध्ये ती एएनसी बंद असण्यापेक्षा वाईट असते. आणि खोक्यावर 'ईएनसी' असेल तर ते एएनसी नव्हे. ईएनसी समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जावा म्हणून असतं, तुमच्या कानाला त्याचा काही फायदा नाही.

कॉलसाठी बड्स घेणाऱ्यांनी गाण्यावरून निर्णय करूच नये. माइक चालू झाला की नेहमीचं ब्लूटूथ गाण्याच्या मार्गावरून कॉलच्या मार्गावर जातं. तिथे सॅम्पलिंग, म्हणजे आवाजाची नोंद, बहुधा सेकंदाला ८ किंवा १६ हजार वेळाच होतं, आवाज मोनो होतो, आणि एलडॅक त्या क्षणी कामाला नसतोच. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच 'आवाज डब्यातून येतो' ही तक्रार याचीच. उपाय सोपा आहे: मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, बड्स फक्त ऐकायला ठेवा. माइकची तुलना करायची तर चालू नळाजवळ उभं राहून दोन्ही जोड्यांवरून एकाच माणसाला कॉल करा आणि त्याला पलीकडून रेकॉर्ड करायला सांगा. साधी रेकॉर्डर अ‍ॅप्स अनेकदा बडचा माइक न घेता फोनचाच घेतात, म्हणून त्यांवर विसंबू नका.

बॅटरीचे ४८ तास केससकट आहेत, आणि बहुधा एएनसी बंद ठेवून, मध्यम आवाजावर. पाहायचा तो एका चार्जवर एएनसी चालू असतानाचा आकडा. एका बडमधली सेल साधारण ३५ ते ६० एमएएचची असते, आणि केसमध्ये ठेवला की बड दर वेळी पूर्ण भरत राहतो. लिथियम सेल ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांत सुमारे ८० टक्क्यांवर येते आणि बहुतेक बड्समध्ये ती बदलता येत नाही. नवा असताना ५ तास देणारा बड नंतर ४ देणार हे धरूनच घ्या. त्यामुळे एका चार्जवर ७ तास देणारी जोडी ५ तासवालीपेक्षा खरोखर सरस आहे. केसचे तास मला दुय्यम वाटतात.

पाण्याचं थोडक्यात: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे आणि घाम, आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. बडला असलेलं रेटिंग केसला असेलच असं नाही. ओले बड्स पुसल्याशिवाय केसमध्ये टाकले की पिना गंजतात. ड्रायव्हरच्या आकाराचंही तेवढंच: १२ मिमी आणि १० मिमीमधून काहीही सिद्ध होत नाही.

राहिला एलडॅक. कोडेक पाहून इअरबड्स निवडणाऱ्यांशी माझा वाद फार जुना आहे आणि माझं म्हणणं बदललेलं नाही. एलडॅक सोनीचा, अँड्रॉइडमध्ये तो ८.० पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. आयफोनवर तो नाही. तिथे एसबीसी किंवा एएसीच चालतं. आयफोन असेल तर तक्त्यातली ती ओळ खोडून टाका. अँड्रॉइड असेल तर एलडॅकच्या ९९०, ६६० आणि ३३० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) अशा तीन पायऱ्या आहेत, आणि गर्दीत, फोन मागच्या खिशात असताना, ९९० टिकत नाही. शरीर ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरी शोषतं. चांगल्या एएसी आणि एलडॅकमधला फरक पातळी जुळवून, कोणतं चालू आहे हे न सांगता ऐकवला तर बहुतेकांना ओळखता येत नाही. टिपमधली फट मात्र कुणालाही ओळखता येते. जो फरक ऐकू येतो त्यावर आधी वेळ घालवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून तुमच्या दोन जोड्यांपैकी कोणती, याचं उत्तर: जबडा हलवताना जी सुटत नाही ती. दोन्ही सारख्याच बसल्या तर एका चार्जवर जास्त चालणारी.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. टिप नसलेले, कानाच्या तोंडाशी टेकणारे बड्स असतील तर फटीबद्दलचं वरचं सगळं लागू होत नाही. त्यांच्यात गळती रचनेतच धरलेली असते, आणि म्हणून तिथे मोठ्या ड्रायव्हरला थोडा अर्थ आहे. काही अँड्रॉइड फोनचा एएसी एन्कोडर (आवाज एएसीत बदलणारा भाग) कच्चा असतो. तिथे एलडॅकचा, किंवा अगदी साध्या एसबीसीचाही, फायदा दिसू शकतो. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर वाट बंद करणाऱ्या टिप वापरू नका. आणि दोन उपकरणांना एकाच वेळी जोडायची सोय, म्हणजे मल्टिपॉइंट, काही बड्समध्ये एलडॅक चालू करताच बंद होते. लॅपटॉप आणि फोन दोन्ही वापरणार असाल तर घेण्याआधी हे विचारून घ्या.

एवढं वाचूनही एलडॅकवाली जोडी घेतलीत, तर फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन त्याची गुणवत्ता ९९० वर अडकवून ठेवू नका. 'बेस्ट एफर्ट' ठेवा, म्हणजे सिग्नल कमी झाला की तो आपोआप खाली उतरेल आणि गाणं तुटणार नाही.