सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन खडखडतं, हाफ इंजिन करू का?

प्रश्न : माझी 2009 ची पेट्रोल सेडान आहे, 2 लाख 14 हजार किमी झालेत. इकडे निफाडला पहाटे कडाक्याची थंडी पडते आणि रोज पहिल्या स्टार्टला डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येते, तीनेक सेकंदांत थांबते. मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही नाही. दिवाळीत मेकॅनिकने आवाज दबेल म्हणून 20डब्ल्यू-50 जाड ऑइल आणि स्वस्तातला फिल्टर टाकला, तर आता पाच-सहा सेकंद वाजतं. तो म्हणतो हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिन खोलून आतली अर्धीअधिक दुरुस्ती.
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : दादा, इंजिन अजिबात खोलू नका, निदान एवढ्यात तरी नाही. तुम्ही सेकंद मोजलेत तिथेच अर्धं काम झालंय. पिस्टन सैल झाला असता तर ठकठक मिनिटभर तरी चालली असती, इंजिन तापेल तसं पिस्टन फुगून हळूहळू कमी झाली असती, आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असतं तर उलट गरम झाल्यावर, चढावर लोड आला की जड ठोका पडला असता. तुमचं यातलं काहीच नाही. रात्रभर उभ्या गाडीतच येणारी आणि तेल वर पोचलं की थांबणारी खडखड म्हणजे माझा पहिला संशय टायमिंग चेनवर (इंजिनाच्या फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारी साखळी), कारण चेन ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या प्रेशरवरच चालतो, प्रेशर येईपर्यंत चेन ढिली राहून आपटते.

आता फिल्टर. त्याच्या आत रबराचा एक पातळ पडदा असतो, इंजिन बंद झाल्यावर तेल खाली उतरू नये म्हणून. हलक्या फिल्टरमध्ये तो कडक होतो, नीट बसत नाही, मग सकाळी फिल्टर रिकामा. त्यात 20डब्ल्यू-50 थंडीत काकवीसारखं, ते वर चढायलाच वेळ घेणार. दिवाळीनंतर आवाज का वाढला ते इथे कळतं.

म्हणून आधी मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ऑइल (अशा गाड्यांना बहुतेक 5डब्ल्यू-30 असतं, पण मॅन्युअल बघाच) आणि कंपनीचा फिल्टर टाका. इंजिन फ्लश (आतून धुणारं औषध) मात्र नको, एवढ्या चाललेल्या इंजिनातला गाळ एकदम सुटून सम्पमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) जाळीत अडकू शकतो. जुना फिल्टर फेकू नका, कापून आतला कागद उन्हात धरून बघा, चमकणारा चुरा असेल तर मला परत लिहा.

मग आठवडाभर रोज सकाळी बॉनेट उघडं ठेवून घरातल्या कुणालातरी स्टार्ट मारायला सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझायला किती वेळ लागतो तेही टिपा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चेनच्या बाजूच्या कव्हरवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून ऐकलं तर आवाज कुठला ते स्पष्ट कळतं, फक्त मफलर आणि सैल बाह्या बेल्टपासून लांब ठेवा हो.

एवढं करूनही खडखड राहिली तर चेन, टेन्शनर आणि गाइड (चेन सरळ ठेवणाऱ्या पट्ट्या) तिन्ही एकदम बदला, नुसता टेन्शनर बदलून पैसे वाचवू नका आणि दुर्लक्षही करू नका, चेन चाकाच्या दातांवरून सटकली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. आणि लाल दिवा चालू गाडीत लागला तर तिथेच इंजिन बंद करून टोइंग बोलवा, गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका.