कोडिंग शिकायला लागून तीन महिने झाले. ‘आता जमतंय’ असं कधी वाटायला लागतं?

तुम्ही लिहिलंय की लूप, फंक्शन सगळं समजतं, पण व्हिडिओ बंद केला की हात चालत नाही. माझंही तसंच होतं. पाचव्या महिन्यात ते बदललं, आणि बदललं ते ‘ळ’ या अक्षरामुळे.

मी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात काम करते. दाखल नोंदवहीतली चार हजारांवर पुस्तकं संगणकात घालून त्यांची अकारविल्हे यादी करायची होती, म्हणून पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली. पहिला आनंद अगदी छोटा होता. पानांची संख्या आम्ही मराठी आकड्यांत टंकली होती आणि आता ती सगळी पुन्हा टंकावी लागणार अशी धास्ती होती. पण इंट या फंक्शनला ‘४५०’ दिलं आणि त्याने ते मुकाट्याने संख्या म्हणून घेतलं! त्या दिवशी मी घरी जाऊन सगळ्यांना हे सांगितलं.

मग यादी लावली आणि ती चुकली. ‘काळा’ आधी आला, ‘कावळा’ नंतर. ‘ॲ’ने सुरू होणारी पुस्तकं तर थेट ‘ह’च्याही खाली जाऊन बसली. दोन दिवस मी स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत होते. चूक तिथे नव्हतीच. पायथॉनचं साधं सॉर्ट, म्हणजे क्रम लावणं, अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांवर चालतं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणारा तक्ता. त्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ला लागून, म्हणजे ‘व’च्या आधी आहे, आणि ‘ॲ’ तक्त्याच्या पार शेवटाकडे. आपण शाळेत ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ म्हणतो, ते त्या तक्त्याला ठाऊक नाही.

शोधताना आयसीयू नावाची मुक्तस्रोत लायब्ररी (आपलं वाचनालय नव्हे, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) सापडली. आयबीएम या संगणक कंपनीने ती १९९९ मध्ये खुली केली, २०१६ पासून ती युनिकोडचा तक्ता सांभाळणाऱ्या युनिकोड कन्सोर्टियम या संस्थेकडे आहे. पायथॉनमधून वापरायला पायआयसीयू आहे. भाषा मराठी सांगितली आणि यादी बरोबर लागली. पण मला खरं हलवलं ते पुढच्या गोष्टीने. हे कसं झालं म्हणून मी त्यामागची मराठीची फाइल उघडून पाहिली. तिच्यात नियम म्हणून एक छोटी ओळ आहे: ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. आपली वर्णमाला नीट ठाऊक असलेल्या कुणीतरी ती तिथे लिहून ठेवली आणि ती मला, एका तालुक्याच्या गावात बसून, वाचता आली. मुक्तस्रोत म्हणजे फुकट, एवढंच मी तोवर समजत होते.

दुसरी अडचण आयसीयूनेही सोडवली नाही. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारा जोडणारा वर्ण घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथॉन म्हणतं हे दोन वेगळे शब्द. त्यामुळे कपाटात असलेलं पुस्तक शोधात ‘नाही’ म्हणून यायचं. मी दहा ओळींचं एक फंक्शन लिहून सगळीकडे एकच रूप केलं. कुठल्याही धड्यात न पाहिलेलं, पूर्ण माझं असं ते पहिलं फंक्शन.

म्हणून माझं म्हणणं असं की, तुम्ही अजून एक कोर्स लावू नका. घरातली, दुकानातली, शेतातली, तुम्हाला रोज टोचणारी एखादी यादी किंवा हिशेब घ्या, आणि शक्यतो मराठीत घ्या. मराठी मजकूर आला की धड्यांमध्ये झाकलेल्या गोष्टी उघड्या पडतात. विंडोजवर फाइल उघडताना यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) सांगायचं विसरू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी अक्षरांचा चिवडा होईल. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, लगेच शिकलं नाही तरी चालेल. मी ते सातव्या महिन्यात शिकले, एका छोट्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मराठी भाषांतरातली वेलांटी दुरुस्त करायला. ती दुरुस्ती स्वीकारली गेली, तेव्हा वाचनालयात बसल्या जागी माझे डोळे भरून आले होते.

सध्या मी लेखकांच्या नावांवर अडले आहे. ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ वगळून अकारविल्हे लावायची आहे, आणि काही नोंदींत टिंबाच्या जागी शून्याचं चिन्ह टंकलेलं निघतंय.