हॅम्बुर्गचा बंकर : तोफांच्या जागी बाग

प्रश्न : माझी मुलगी हॅम्बुर्गला राहते. तिथे महायुद्धातल्या एका प्रचंड काँक्रीट बंकरवर बाग फुलवली आहे आणि आत संगीताचे कार्यक्रम होतात, असे ती सांगते. ही वास्तू पाडली का नाही आणि ती लोकांच्या वापरात कशी आली?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली मुलगी सांगते तो सांक्त पाउली भागातला बंकर होय. १९४२ साली नाझी राजवटीने सक्तीच्या मजुरांकडून तो अवघ्या ३०० दिवसांत उभारून घेतला. माथ्यावर विमानवेधी तोफा आणि आत सुमारे १८ हजार नागरिकांसाठी आसरा, अशी त्याची रचना होती. परंतु जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात शहर होरपळत असताना २५ हजारांपर्यंत माणसे इथे दाटीवाटीने जीव मुठीत धरून बसली होती.

युद्धानंतर तो टिकला याचे कारण त्याच्या भिंतींत आहे. सुमारे साडेतीन मीटर जाडीचे ते काँक्रीट सुरुंगाने उडवायचे, तर आसपासची वस्तीही हादरली असती. शहर बेचिराख झालेले, डोक्यावर छप्पर नाही, अशा काळात लोक त्यात राहू लागले. पुढे छायाचित्रकारांचे स्टुडिओ आले, आणि डिसेंबर १९५२ मध्ये युद्धोत्तर पश्चिम जर्मनीचे नियमित दूरचित्रवाणी प्रसारण याच भिंतींआडून सुरू झाले. संगीताचे क्लब त्यानंतरचे.

बागेची कल्पना परिसरातल्या रहिवाशांनी उचलून धरली, हे मला विशेष मोलाचे वाटते. मूळ ३८ मीटर उंचीच्या बंकरवर पाच मजले चढवण्यात आले. २०२४ च्या जुलैमध्ये खुल्या झालेल्या या भागात हॉटेल आहे, तसेच क्रीडा व कार्यक्रमांसाठी एक सभागृहही आहे. त्याला १९३९ मध्ये म्युनिकला हिटलरच्या हत्येचा प्रयत्न करणाऱ्या गेओर्ग एल्सर या सुताराचे नाव दिले आहे. बंकरला बाहेरून वळसे घालत चढणारी पायवाट मात्र सर्वांसाठी विनामूल्य आहे.

या नव्या वापराला विरोधही झाला. नाझी काळाची खूण हिरवाईखाली झाकली जाईल, ही टीकाकारांची भीती मला अनाठायी वाटत नाही. म्हणूनच सक्तीच्या मजुरांचे आणि नाझी राजवटीच्या बळींचे स्मरण तिथे जपले जाणे अत्यावश्यक होते, आणि तशी जागा तिथे केलेली आहे. मुलीकडे जाल तेव्हा बाग पाहताना तिथेही आवर्जून थांबा.