नागपुरात समुद्र नाही, मग फ्लाय शिकू कुठे?

प्रश्न: दादा, लहानपणी मामाच्या गावी तलावावर बांबूच्या काठीला गळ बांधून मरळ पकडायचो, आता डोक्यात समुद्रातलं फ्लाय फिशिंग घुसलंय. डिसेंबरमध्ये चार दिवस मालवणला जाऊन राहिलोय. ट्राउटवाली 5 नंबरची रॉड ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवलीय, घेऊ का? आणि इथे बसून काय तयारी करू, समुद्र तर 800 किलोमीटर लांब.
(एक वाचक, मनीषनगर)

उत्तर: भाऊ, आधी ती कार्ट रिकामी करा. 5 नंबर ही गोड्या पाण्यातल्या नाजूक कामाची रॉड आहे, समुद्रावरचा वारा आणि जड फ्लाय (गळाला पिसं-केस बांधून केलेलं नकली खाद्य) तिला झेपत नाही. 8 नंबर घ्या, 9 फुटी, चार तुकड्यांची, म्हणजे ट्रेनमध्ये बर्थखाली आरामात मावते. नंबरचा अर्थ समजून घ्या पण, तो काठीच्या जाडीचा नाही तर लाइनच्या वजनाचा आहे. 5 नंबर लाइनचे पहिले 30 फूट 140 ग्रेनचे, म्हणजे 9 ग्रॅम, आणि 8 नंबरचे 210 ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या वर. तुमच्या त्या बांबूला शिशाचं वजन दोरी ओढत न्यायचं, इथे उलटं आहे, लाइनच स्वतःच्या वजनाने जाते आणि लाइनपेक्षा हलकी फ्लाय मागून फरफटत जाते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

लाइन घेताना ट्रॉपिकल सॉल्टवॉटर लिहिलेलीच घ्या. थंड पाण्याची लाइन आपल्या उन्हात शेवयांसारखी लुळी पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि लांब जातच नाही. मी सुरुवातीला तीच घेऊन एप्रिलमध्ये मैदानात उतरलो होतो, महिनाभर वाटत राहिलं की आपल्याच हातात दोष आहे. हातातही होता म्हणा. रीलवर लाइनच्या मागे 20 पाउंडाचं बॅकिंग (मासा लांब पळाला तर लागणारी जादा दोरी) 150 ते 200 यार्ड, पुढे 9 फुटी लीडर (लाइन आणि फ्लायमधली बारीक नायलॉन), आणि जिताडा (खाडीतला मोठा मासा) मिळेल असं वाटत असेल तर टोकाला फूट-दीड फूट 40 पाउंडाचा तुकडा बांधा, त्याच्या कल्ल्याजवळची कड पात्यासारखी असते, साधी नायलॉन सहज कापते.

आता तयारी. समुद्र लांब आहे म्हणून रडू नका, फेक शिकायला पाणी लागतच नाही, मोकळं मैदान लागतं. गळ काढून टाका, टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधा आणि रोज संध्याकाळी 20 मिनिटं, बस. रविवारी चार तास केल्याने काही होत नाही, दुसऱ्या दिवशी खांदा तेवढा दुखतो. मी घराजवळच्या ग्राउंडवर करायचो, क्रिकेटवाले पोट्टे थांबून बघायचे, एका काकांनी तर सरळ विचारलं, "काय पकडून राहिले भाऊ इथे?" हवा, म्हटलं.

लक्ष मागे ठेवा. सगळे पुढे बघत फेकतात आणि बिघडतं मागे. काठी मागे नेली की टक्कन थांबवा, मान वळवून बघा, लाइन मागे सरळ झाली की मगच पुढे या. घाई केली तर चाबकासारखा फटका वाजतो, आणि समुद्रावर तो फटका म्हणजे फ्लाय तुटून गेली. हे जमलं की डबल हॉल, म्हणजे मागे नेताना एकदा आणि पुढे आणताना एकदा डाव्या हाताने लाइनला छोटा झटका. वाऱ्यात याच्याशिवाय गत्यंतर नाही. 50 फूट सरळ फेकता आलं तरी मालवणला भरपूर झालं.

आणि एक सवय मोडा. तलावावर मासा ओढला की आपण काठी वर उचलतो. समुद्रात काठी खाली पाण्याकडेच ठेवायची आणि डाव्या हाताने लाइन खेचायची, मगच गळ बसतो. पहिल्या ट्रिपला खाडीच्या तोंडाशी माझ्या फ्लायला चांगला दणका बसला, मी जोशात काठी आकाशात नेली आणि फ्लाय तोंडातून निसटून माझ्याच टोपीला येऊन अडकली. सोबतचा कोळी दादा काही बोलला नाही, नुसता तंबाखू मळत राहिला.

फ्लाय कोणती, तर दोन-चार क्लाउझर मिनो पुरे. अमेरिकेत बॉब क्लाउझर यांनी ती नदीतल्या बास माशासाठी बनवली, पण आज समुद्रावरही ती खूप चालते. डोळ्यांच्या वजनाने उलटी होऊन पोहते, गळाचं टोक वर राहतं, त्यामुळे तळाला कमी अडकते. घरी बांधणार असाल तर बकरीचे केस किंवा सिंथेटिक धागा वापरा, कुठल्या जंगली प्राण्याच्या केसांच्या भानगडीत पडू नका, वन्यजीव कायदा आहे.

मालवणला गेल्यावर आधी स्थानिक कोळ्यांना विचारा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, वाट्टेल तिथे गळ टाकायचा नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी, आणि पाणी वाहतं असतानाच मासा खायला निघतो. वाळूत उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला, खाली पाकट (चपटा स्टिंगरे मासा) दबून बसलेली असते आणि तिचा काटा विषारी.

प्रश्न: एवढं सगळं कशाला, स्पिनिंग रॉडने भागत नाही का?
(एक वाचक, सदर)

उत्तर: भागतं की. मासे जास्त हवे असतील तर स्पिनिंगच घ्या, लांब जातं, वाऱ्यात चालतं. फ्लायवाले आम्ही थोडे येडेच आहोत.

प्रश्न: कोकणातून आणलेली रील दोन महिन्यांत जाम झाली, कंपनीचा दोष का?
(एक वाचक, महाल)

उत्तर: माझीही झाली होती, दोष माझा होता. घरी जाऊन धुवू म्हणून बॅगेत टाकली आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडली, हँडल फिरेना, आत पांढरी-हिरवी खपली. रोज रात्री लॉजवरच ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट करून गोड्या पाण्याच्या हळू धारेखाली धरा, जोराचा फवारा नको, तो मीठ आणखी आत ढकलतो. लाइन बॅकिंगपर्यंत उलगडून पुसा, पंख्याखाली वाळवा, आणि कपाटात ठेवताना ड्रॅग ढिला करायला विसरू नका.